शेवटचे सहा सेकंद

"सुरुवातीचे सहा सेकंद कापू की शेवटचे?" मी विचारलं.

इसोबे साहेबांनी मान वर केली नाही. "तुम्हीच ठरवा, तोमिएबाई. वरून हुकूम आहे, सगळ्यात दहा टक्के कपात. सूट कुणालाच नाही."

"अहो, पण धून वाजवायला असा कितीसा खर्च येतो?"

"खर्च येवो न येवो, तक्त्यात तिचा रकाना आहे. रिकामा ठेवला तर मलाच बोलावतील."

आमच्या गावच्या सरकारी कचेरीतला दर दहावा दिवा काढला होता. सुक्याबरोबर ओलंही जळायचंच. रोज संध्याकाळी पाचला गावभरच्या भोंग्यांवर एक मिनिट धून वाजते. भूकंपाच्या वेळी भोंगे चालतील ना, याची ती तपासणी. पण तिच्यावर पोरं घरी येतात, आणि माझे यजमान कात्सुजीही. दोन वर्षांपासून त्यांना माझं नाव आठवत नाही, तरी दुपारी किनाऱ्यावरच्या पाइनच्या झाडीत फिरायला जातात आणि धून ऐकून परत येतात. पहिला सूर कानी पडला की त्यांचे पाय वळत असतील, असं मी धरून चालले. म्हणून शेवट कापला.

त्या दिवशी पाचला धून वाजली आणि मध्येच तुटली. डोंगरानेही तेवढीच परत पाठवली. खिडकीतून पाहिलं, तर रस्त्यावरची पोरं जागच्या जागी उभी. मासळीवाली हात्सु आजी झाकण हातात धरून आभाळाकडे बघत होती. कुत्रीसुद्धा गप्प. कितीतरी वेळ कुणी हललं नाही.

घरी गेले, तर कात्सुजी आले नव्हते.

हरवलेल्या माणसाची घोषणा करायचं काम माझंच. ठरलेल्या नमुन्याबाहेर एक शब्द बोलता येत नाही. "पुरुष, वय त्र्याहत्तर, राखाडी कोट," मी माइकवर वाचलं. माझा नवरा आहे हो, शोधा त्याला, असं ओरडावंसं वाटत होतं. वाचून झाल्यावर "धन्यवाद" म्हटलं.

कचेरीतले सगळे रात्रभर शोधत होतो; उजाडताना आम्हाला ते झाडीच्या पार टोकाला सापडले, भोंग्याच्या खांबाखाली, ताठ उभे. कोटावर दव साचलं होतं.

"अहो, घरी चला!"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "थांबा जरा, बाई. संपलं नाही अजून."

ते पहिल्या सुरावर कधी वळतच नव्हते. मी त्यांचा गारठलेला हात धरून धुनेचा उरलेला शेवट गुणगुणले, जमेल तसा. त्यांनी ऐकून घेतलं, अनोळखी बाईचं ऐकावं तसं, सभ्यपणे.

"तुमचं नको," ते म्हणाले आणि वर बोट दाखवलं. "तिथून येईल."

मागे इसोबे साहेब टोपी काढून उभे होते. "साहेब, आज पूर्ण वाजवू द्या," मी म्हटलं.

ते माफी मागावी तसे कमरेत खोल वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. त्यांचं उत्तर मला कळलं. मी कात्सुजींच्या शेजारी उभी राहिले आणि दोघं मिळून भोंग्याकडे बघत राहिलो.