रायलीची खुर्ची

कॅनडातल्या थंडर बे शहरात रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं मायक्रोस्कोप दुरुस्तीला जातोय, पण रायली कोस्केलाने मला तिच्या खुर्चीत कधी बसू दिलं नव्हतं. मलाच काय, कुणालाच नाही. फेब्रुवारीत प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर हलली, तेव्हाही आपला मायक्रोस्कोप तिने स्वतःच उचलून नेला.

म्हणून या खेपेला ती उठून म्हणाली, "बस ना, मार्सेल," तेव्हा मी हत्यारांची पेटी खाली ठेवून तिच्याकडे बघितलं.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं?"

"महिनाअखेर नोकरी सोडतेय मी. रक्तातल्या पेशी दोन-दोन दिसतात, दुपारपर्यंत डोकं ठणकतं. उद्या कुणाचा कॅन्सर माझ्या नजरेतून सुटला तर?"

"डॉक्टरला दाखवलंस?"

"तो म्हणतो, डोळे छान आहेत. मायक्रोस्कोप छान आहे असं तूच मार्चमध्ये म्हणालास. म्हणजे माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय."

म्हणालो होतो खरा. उभ्यानेच वाकून, उजव्या डोळ्याने पाहून 'ठीक'ची चिठ्ठी चिकटवली आणि मोकळा झालो. दिवा बघायचा, भिंगं पुसायची, प्रकाश मधोमध आणायचा, आणि डावा डोळा मिटलेलाच! आम्हा दुरुस्तीवाल्यांची ही जुनी खोड.

मी बसलो. दोन्ही नळ्यांना दोन्ही डोळे लावले. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर दुसरी पेशी.

"रायली, मलाही दोन-दोन दिसतायत."

"थट्टा नको हं."

मी फुलीची खूण असलेली काच खाली सरकवली. उजव्या नळीत फुली बरोबर मधोमध, डावीत पार वरच्या कडेला.

"हा नेताना कुठे धरला होतास?"

तिने नळ्यांवर हात ठेवला. "इथे."

"अगं, मान धरून कुणी उचलतं का! आतला प्रकाश वळवणारा लोलक सरकलाय. आणि मी गाढव, एका डोळ्याने बघून गेलो."

स्क्रू फिरवून लोलक जागेवर आणायला पाऊण तास लागला. मग ती बसली. तिने पेशींची काच पुन्हा खाली सरकवली.

"एकच दिसतेय," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला फार हायसं वाटलं, तितकीच लाजही वाटली.

नाक पुसून तिने पलीकडच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हाक मारली. "जोआन, इकडे ये. बस माझ्या खुर्चीत."

जोआन बघतच राहिली.

"अगं बस! आणि सांग, तुला किती दिसतात."