टोपली आणि काळा कोट

अँटवर्पच्या धक्क्याला नॉर्वेचं जहाज लागलं की खलाशी आधी एकच गोष्ट बघायचे: तिथल्या आपल्या नॉर्वेजियन खलाशी-चर्चमधून कोण येतंय. टोपली घेऊन बोर्गहिल्ड आली, तर गरम वॉफल, गावाकडची शिळी वर्तमानपत्रं आणि थट्टामस्करी. तिचा नवरा, पास्टर आर्नफिन, काळा कोट घालून रिकाम्या हातांनी आला, तर कुणाच्या तरी घरचं माणूस गेलेलं असायचं. मग डेकवर जो तो जिथल्या तिथे थांबायचा आणि मनातल्या मनात आपल्या माणसांची नावं घ्यायचा.

लग्न करून आली तेव्हा बोर्गहिल्डला वाटलं होतं, मिशनचं काम म्हणजे प्रार्थना आणि स्तोत्रं. प्रार्थनेला तिला सवड मिळायची ती भांडी घासताना. खलाशांचे केस कापायचे, मोजे रफू करायचे, दुखऱ्या दाढेत लवंगेचं तेल भरायचं. रविवारी ऑर्गन वाजवायचा आणि शनिवारी त्याच ऑर्गनमधून उंदीर हुसकायचे. प्रेमपत्रात अडलेल्यांना शब्द पुरवायचे. एकाने तर आपला पोपट तिच्या गळ्यात मारला होता, आणि तो भर उपासनेत अशा शिव्या हासडायचा की मागच्या बाकांवरची मंडळी खास त्याच्यासाठी यायची. आधी पोटोबा, हे त्या चर्चचं पहिलं वचन. बोर्गहिल्डला ते मनापासून पटलं होतं.

त्या ऑक्टोबरात आर्नफिन पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन इस्पितळात पडला होता, आणि नेमकी तेव्हाच तार आली. ‘हाव्ब्रिस’ जहाजावरचा स्वयंपाकी टोरलाइफ, त्याची आई वारली होती.

नेमका टोरलाइफ! वॉफलला नावं ठेवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. “पाद्रीणबाई, यात वेलदोडा कुठाय? माझी आई तुम्हाला चुलीपाशी उभं करणार नाही.” बोर्गहिल्डच्या माहेरी, वर उत्तरेला, वॉफलमध्ये वेलदोडा घालत नसत. “मग पाठव तिलाच इकडे,” ती म्हणायची. ते आता तिला आठवलं.

तार घेऊन ती इस्पितळात गेली. “मी टोपली घेऊनच जाते. बाजूला घेऊन हळूच सांगेन.”

“नको,” आर्नफिन म्हणाला. “एकदा टोपलीबरोबर मरण नेलंस, की टोपली बघूनसुद्धा दचकतील ते. माझा कोट घाल. आणि शिडीच्या पायथ्याशीच त्याचं नाव घे. बाकीच्यांना टांगून ठेवू नकोस.”

“आणि उद्यापासून मलाच बघून दचकले तर? तुझं बरंय. तुला बघून तसंही कुणी हसत नाही.”

“म्हणून तर हसणारी बायको केली,” तो म्हणाला आणि टाके दुखले म्हणून हसता हसता थांबला.

तिला हसू आलं नाही. तिला बघून डेकवर उठणारं ते “आली रे आली!” हीच त्या परक्या गावातली तिची कमाई होती. ती गेली तर काय उरणार?

कोटाच्या बाह्या तिच्या बोटांवर लोंबत होत्या. जहाजावरून कुणीतरी ओरडलं, “आली रे! पाद्रीणबाई आ...” आणि गप्प झालं. कठडा रंगवणाऱ्याच्या ब्रशातून रंग ठिबकत राहिला. शिडीच्या पायथ्याशी ती थांबली. मग सगळा जीव एकवटून तिने हाक मारली, “टोरलाइफ!”

तो वर उभा होता, हातात सुरी आणि अर्धवट सोललेला बटाटा. “आई?”

“हो. झोपेतच गेली.”

बाकीच्यांनी श्वास सोडला आणि सोडल्याची लाज वाटून टोप्या काढल्या. टोरलाइफ खाली येऊन दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला. बोर्गहिल्ड शेजारी बसली. पवित्र शास्त्रातलं एक वचन आठवेल तर शपथ. शेवटी तिने त्याच्या हातातली सुरी घेतली आणि बटाटा सोलून पुरा केला.

दुसऱ्या दिवशी वॉफल झाले, टोपली भरली, पण तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडेना. जहाज संध्याकाळी सुटणार होतं. टोपलीवरचा रुमाल ती उगाचच सारखा करत राहिली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात टोरलाइफ येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले.

“वॉफल का नाही आले? पोरं वाट बघतायत.”

“मला बघून पोरांना गिळवेल का रे?”

“नाही गिळवणार,” तो सरळ म्हणाला. “सकाळी धक्क्यावरून एक बाई नुसती चालत गेली, तर सगळे पांढरेफटक.” त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. “सरका. पीठ उरलंय ना?”

पुडीत वेलदोडे होते. त्याने ते कुटून पिठात घातले, साचा तापवला आणि आईच्या पद्धतीचे वॉफल करून तिच्या वॉफलवर रचले. रडत होता, पण एकही करपू दिला नाही. मग त्याने टोपली उचलली.

“आज मी धरतो. माझ्या हातात बघितली की कळेल त्यांना, हिच्यात फक्त खायचंच असतं.”

तो पुढे, ती मागे. तिला बघून डेकवर पुन्हा शुकशुकाट झाला. टोरलाइफने खालूनच आवाज चढवला, “या रे! आज वेलदोडा आहे! नेहमीचा भुसा नाही!”

मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि वरून आरोळी आली, “आली रे आली!”

“भुसा कुणाला म्हणतोस रे?” बोर्गहिल्डने मागून त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि तो हात तिथेच ठेवून त्याच्यामागून शिडी चढली.