जुना द्या, नवा घ्या

मी एक जुना मोबाइल फोन आहे, मित्रांनो, आणि हल्ली मला फार भीती वाटते. फोनला कसली आलीय भीती, असं म्हणून हसू नका. आधी ऐकून तर घ्या.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुली रांगेने बसून माझे बारीक भाग जोडत होत्या. एकीच्या बोटांची कातडी कसल्याशा द्रवाने सोलवटली होती. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मी नवाकोरा होतो आणि स्वतःवरच खूष होतो.

मला रुग्णालयातल्या एका सिस्टरने विकत घेतलं. तिच्या वॉर्डात छातीचे रोगी असत. मी तिच्या खिशात राहायचो. माझ्या उजेडात ती रोग्यांचे घसे तपासायची, माझ्यावरूनच त्यांना घरच्यांशी बोलायला द्यायची. “सिस्टर, तुमचा फोन म्हणजे आमची खिडकीच!” असं एक आजी म्हणाल्या, तेव्हा मी फुलून गेलो होतो.

मग वॉर्डात एक काका आले. त्यांना दोन शब्द बोलले तरी धाप लागे.

“काका, विड्या किती ओढायचात?” सिस्टरने विचारलं.

“एकही नाही. मी फोन जाळायचो.”

“फोन?”

“जुने फोन, तारा, असलंच सगळं. जाळलं की तांबं सुटं होतं. लोक नवा घेतात, जुना आमच्या उकिरड्यावर येतो. धूर कुठे जाणार, सिस्टर? आमच्याच छातीत.”

खिशातल्या खिशात माझी पाचावर धारण बसली. काही दिवसांनी काकांची खाट रिकामी झाली. सिस्टरने गादीवरची चादर बदलली आणि बराच वेळ ती उशीवर हात ठेवून उभी राहिली.

पुढे माझी बॅटरी फुगली. काच वर उचलली जाऊ लागली. सिस्टरची लेक म्हणाली, “आई, हा एक दिवस तुझ्या खिशातच पेटेल. आजच्या आज नवा घे!” तिचं खरं होतं, म्हणून तर मी जास्तच घाबरलो.

दुकानावर पाटी होती : ‘जुना द्या, नवा घ्या’. विक्रेत्याने मला उलटंपालटं केलं आणि एका खोक्यात टाकलं. आत माझ्यासारखेच कितीतरी फोन पालथे पडले होते. त्यातल्या एकाचा गजर अचानक वाजू लागला. कुणाच्या तरी औषधाची वेळ झाली होती. तो वाजत राहिला, वाजत राहिला. कुणीच बंद केला नाही.

“हे सगळे पुढे कुठे जातात?” सिस्टरने विचारलं.

“गाडी येते, मॅडम.”

“आणि गाडी कुठे जाते?”

विक्रेता डोकं खाजवू लागला. “ते काही माहीत नाही बुवा.”

“बरं, या नव्याची बॅटरी बदलता येते? सुटे भाग किती वर्षं मिळतील?”

लेक कानात पुटपुटली, “आई, फोन घ्यायला आलोय, स्थळ बघायला नाही!”

“घरात आणायचाय ना? मग चौकशी नको?”

तिने खोक्यात हात घालून मला बाहेर काढलं.

“मग काय, घरी पेटू द्यायचा?” लेक चिडली.

“नाही. इथेही नाही आणि उकिरड्यावरही नाही.”

रस्त्यात तिने लेकीला काकांची हकिगत सांगितली. लेकीचा राग कुठल्या कुठे गेला. “मला आधी का नाही सांगितलंस?” तिने हळूच विचारलं. सिस्टर तिला घेऊन फोन दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात शिरली.

फोन दुरुस्त करणाऱ्या बाईंनी मला गरम करून उघडलं, तेव्हा वाटलं, संपलं सगळं! पण त्यांनी फुगलेली बॅटरी अलगद काढून वाळूच्या डब्यात ठेवली. “ही ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर मी स्वतः पोचवते,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी नवी बॅटरी बसवली.

आज मी पुन्हा कामावर आहे. पण भीती गेलेली नाही, मित्रांनो. एक दिवस मी कायमचा बंद पडेन. तुम्हाला नवा फोन हवा असेल तर जरूर घ्या. पण तो दुरुस्त होतो का, हे आधी विचारा. आणि जुना हातातून सोडताना तो कुठे चाललाय, हे कळेपर्यंत दुकानातून हलू नका. मी काय, एकदाच जळेन. माझा धूर मात्र कुणाला तरी जन्मभर छातीत वागवावा लागेल.