कुचंबणा जागा सोडत नाही

मी कुचंबणा बोलतेय. नाव ऐकून नाक मुरडलंत? मुरडा. सवय आहे मला.

माझ्या जन्माचा दाखला कुणी ठेवला नाही. बोलता येत नाही, उठून जाता येत नाही आणि वर तोंड हसरं ठेवावं लागतं, असा प्रसंग ज्या माणसावर पहिल्यांदा गुदरला, त्याच्या गळ्यापाशी माझा पाळणा हलला असणार. पुढे घरोघरी वावरले. मग ‘ऑकवर्ड’ नावाची चटपटीत सवत आली आणि मला कुणी विचारेना. उरले शाळेच्या शब्दकोशात. तिथेही माझ्या वाट्याला एकच वाक्य : ‘पाहुण्यांसमोर त्याची कुचंबणा झाली.’ कोण हा, कुठले पाहुणे? छापणाऱ्यालाही ठाऊक नाही.

यंदा कोशाची नवी आवृत्ती काढायला घेतली. त्या कचेरीतली रीत अशी, की उदाहरणातल्या शब्दावर अंगठा ठेवून वाक्य वाचायचं. दुसरा शब्द चालून गेला तर वाक्य नापास. धड वाक्यच मिळालं नाही तर शब्दाला नारळ. संपादकबाईंना मागून सगळे कात्रीबाई म्हणत. त्यांनी माझ्यावर अंगठा ठेवला.

“फजिती चालते. पंचाईत चालते. निराशासुद्धा. काढू या हिला.”

“उद्यापर्यंत थांबाल, मॅडम?” ‘क’चे शब्द जिच्याकडे होते ती म्हणाली. बाळंतपणाची रजा नुकतीच संपलेली. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून तान्ही लेक काखोटीला मारून यायची. आपल्याला कोश जमत नाही की आईपण, एवढंच तिचं ठरायचं बाकी होतं.

“थांबते. पण मेलेल्याला किती वारा घालशील?”

मेलेली? मी तर तिच्याच मागेमागे होते.

दुसऱ्या दिवशी कागदाच्या गठ्ठ्यांआड ती लेकीला पाजत होती, तोच गठ्ठेवाला दारात आला. “ताई, माल काढायचाय. आटपा की.” थांबा म्हणावं तर त्याची गाडी खोळंबलेली, या म्हणावं तर पदर सावरेना. ती हसली. “झालंच हं,” म्हणाली आणि उपाशी लेकीला घेऊन बाहेर आली. पोरीनं टाहो फोडला. सगळ्यांनी माना वर केल्या, पुन्हा खाली घातल्या.

तिनं बसल्या बसल्या लिहिलं : ‘बाळ भुकेलं, पाजायला आडोसा नाही, चारचौघांत हसत बसलेल्या आईची कुचंबणा कुणाला दिसली नाही.’

कात्रीबाईंनी अंगठा ठेवला. “फजिती… नाही, ती तर सगळ्यांना दिसते. घुसमट चालेल की गं.”

“घुसमट एकट्यालाही होते, मॅडम.” तिनं लेकीला खांद्यावर घेतलं. “हिला समोर माणसं लागतात. मघाशी तुम्हीही होतात.”

“होते खरी. मीही मान खाली घातली,” कात्रीबाई हळूच म्हणाल्या. मग अंगठा उचलला. “राहू दे हिला. आणि पाजायला माझ्या खोलीत जात जा. आतून कडी आहे.”

त्या कडीचा आवाज आला तेव्हा मी बाहेरच थांबले. आत माझं काम नव्हतं.

मला म्हातारी म्हणा, अवघड म्हणा. पण हाकलायचंच असेल, तर कोशातून नका हाकलू. आधी माणसांच्या गळ्यातून हाकला. तेवढं करा, मी आपल्या पायांनी निघून जाईन. तोवर इथून हलणार नाही.