पाहुणी आई

"परत कधी जाणार?"

विमानतळावरच्या काचेमागच्या माणसानं पहिला प्रश्न हाच विचारला. ती अजून धड पोचलीही नव्हती, बॅगसुद्धा हाती यायची होती. पण हे उत्तर तिनं इतकं घोकलं होतं, की कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी बिनचूक दिलं असतं. आईचं वय झालंय, ती एकटीच असते. माझी नोकरी आहे, रजा मोजकी आहे. व्हिसा संपायच्या आत मी जाणार. माणसानं शिक्का मारला. ती बाहेर पडली तेव्हा कुडता घामानं पाठीला चिकटला होता.

बाहेर तिचा नवरा उभा होता. शेजारी नणंद, आणि नणंदेच्या मागे तिच्या कोटाचं टोक मुठीत धरून भिंगरी.

भिंगरी म्हणजे तिची मुलगी. रांगायला लागल्यापासून एका जागी म्हणून ठरत नसे, म्हणून आजीनं ठेवलेलं नाव. तिघांनी कायमच्या रहिवासाचा, म्हणजे पीआरचा, अर्ज एकदमच केला होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, त्याला इकडे काम मिळालं होतं. त्याचा अर्ज मंजूर झाला, मुलीचाही झाला. तिचा मात्र 'तपासणी चालू आहे' या एका ओळीवर अडकला तो अडकलाच. का अडकला, ते कुणी सांगेना. तिच्याच नावाच्या दुसऱ्या कुणा बाईची काहीतरी भानगड असावी, असं वकिलाचं म्हणणं. मुलीच्या मंजुरीला मुदत होती, मुदतीत ती या देशात आली नाही तर सगळं बाद. "आत्ता हिला जाऊ दे, तुझं काय, महिन्या-दोन महिन्यांत होईल," असं जो तो म्हणाला. तिनं छातीवर दगड ठेवला आणि साडेचार वर्षांची पोर बापाबरोबर धाडली.

त्या महिन्या-दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं. अर्ज तिथंच. शेवटी जीव राहवेना, तेव्हा तिनं भेटीचा व्हिसा काढला. पोटच्या पोरीकडे पाहुणी म्हणून!

"बघ कोण आलंय," नणंद भिंगरीला पुढे ढकलत म्हणाली.

पोरीनं खालून वर बघितलं आणि घरी आलेल्या माणसांशी कसं बोलायचं ते शिकवलं होतं तसं अदबीनं विचारलं, "प्रवास चांगला झाला का?"

"झाला हं," ती म्हणाली.

घर म्हणजे एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. खाली यंत्रं फिरायला लागली, की वरची जमीन बारीक थरथरायची आणि ओट्यावरचे चमचे आपोआप वाजायचे. नणंद एका वृद्धाश्रमात कामाला होती. ड्युटी सांभाळून तिनं भिंगरीचं सगळं केलं होतं, शाळा, ताप, नखं कापणं, सगळं. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. म्हणूनच तर भिंगरीच्या आईला जास्त त्रास होई. भांडावं असं नणंदेनं काहीच केलेलं नव्हतं.

सकाळी जाग आली की भिंगरी डोळे न उघडता हाक मारायची, "आत्याऽ!" आई धावत जायची, तर पोर कूस बदलायची. वेणी घालायला बसवलं, तर "आत्या अशी नाही घालत." दूध दिलं, तर "हा कप माझा नाही." ती "बरं" म्हणायची आणि कप बदलायची. स्वतःच्या लेकीपाशी असं नव्या नोकरीला लागल्यासारखं अंग चोरून वावरताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"होईल गं तिला सवय," नवरा म्हणायचा.

"सवय होईपर्यंत माझी जायची वेळ होईल," ती म्हणायची.

गाडं रुळावर आलं ते एका दातामुळे. भिंगरीचा पुढचा दात हलायला लागला होता. पोर घाबरून तोंड मिटून बसली. आत्याला हात लावू देईना, बाबाला तर जवळच येऊ देईना.

"मला नुसता बघू तरी दे," ती म्हणाली. "माझं कामच दातांचं आहे."

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही. मी कवळ्या करते. आधी मेणाचे दात लावायचे, एकेक करून, ओळीत. मग ते पक्के करायचे. मग आजोबा ते घालतात आणि चणे खातात."

"आणि आजोबांनी ते गिळले तर?"

"मग आतून चावत बसतात."

भिंगरी खदाखदा हसली. हसताना तोंड उघडलं आणि आईनं अलगद बोट लावलं. दात तिच्या तळहातावर आला. पोरीला कळलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून ती आईला चिकटली ती चिकटलीच. बाजारात, बागेत, संडासाच्या दारापर्यंत मागे मागे. "आजोबांची नाकं पण करतेस का?" असले प्रश्न, दिवसभर. सकाळची हाक बदलली. ती पहिल्यांदा "आई" म्हणून ऐकू आली, तेव्हा नणंदेनं हातातली चहाची किटली खाली ठेवली, एकदा वहिनीकडे बघितलं आणि हसली. पण डोळे पुसले ते लपवता आले नाहीत तिला.

आणि आता कुठं सगळं जुळतंय, तोवर व्हिसा संपत आला. पीआरच्या अर्जावर तीच ओळ. वकील म्हणाला, मुदतवाढ मागून बघा, पण तिथं जपून बोला. "राहायचंय असा नुसता वास जरी आला ना, तरी देणार नाहीत."

मुदतवाढीच्या कार्यालयात तिला बोलावलं, त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि नणंदेची ड्युटी. म्हणून भिंगरीलाही बरोबर न्यावं लागलं. मागच्या खुर्चीवर तिला कागद आणि रंगीत पेन्सिली देऊन बसवलं. समोरची अधिकारी बाई काही दुष्ट नव्हती. सर्दीनं बेजार झालेली, दर वाक्याला नाक पुसणारी, थकलेली बाई. ती इकडच्या भाषेत बोलत होती. त्या भाषेचा क्लास भिंगरीच्या आईनं पीआरचा अर्ज केला तेव्हाच लावला होता, त्यामुळे तिला अडखळत का होईना बोलता येत होतं. भिंगरीला तर आता ती मराठीपेक्षा बरी येत होती.

"तुमचा नवरा इथे, मुलगी इथे," बाई म्हणाली. "मग तुम्ही परत जाल, हे मी कशावरून मानू?"

"माझं सगळं तिकडे आहे. काम तिकडे, आई तिकडे. मला इथं राहायचं नाहीये."

"पण तुमच्याच अर्जात लिहिलंय, की तुम्हाला इथे कायमचं राहायचंय."

"ते मंजूर झालं तर."

"आणि आत्ता?"

"आत्ता नाही," ती घाईनं म्हणाली. "आत्ता मला अजिबात नाही राहायचं. थोडे दिवस वाढवून द्या, मग मी जाते. मला जायचंच आहे."

मागची पेन्सिलीची खरखर थांबली. तिच्या ते लक्षात आलं, पण वळून बघायचं धैर्य झालं नाही.

बाईनं बराच वेळ संगणकात डोकं घातलं आणि मग मान हलवली. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तुम्ही तुमच्या देशात थांबावं हेच बरं. मुदतवाढ देता येणार नाही. माफ करा.

म्हणजे जीभ विटाळली आणि पदरात काहीच पडलं नाही.

घरी पोचल्यावर भिंगरीनं बूट काढले, आतल्या खोलीत गेली आणि पलंगाखालून ओढत ओढत आईची बॅग बाहेर काढली. मग खुंटीवरचे तिचे कपडे एकेक करून त्यात टाकायला लागली. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही.

"अगं, हे काय करतेयस?"

"तुला जायचंय ना."

ती खाली बसली, पोरीला जवळ ओढलं. "नाही गं सोन्या. मला नाही जायचं. मी त्या बाईंना खोटंच सांगितलं."

भिंगरीनं अंग आखडून घेतलं. "खोटं बोललीस?"

"हो."

"मग आता माझ्याशी पण खोटं बोलत असशील."

तिनं शंभर तऱ्हेनं सांगून पाहिलं. व्हिसा म्हणजे काय, नियम म्हणजे काय, मोठ्यांना कधीकधी कसं बोलावं लागतं. जेवढं जास्त सांगावं तेवढं ते जास्त खोटं वाटायला लागलं, तिचं तिलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हाक आली, "आत्याऽ!"

नवऱ्याचाही धीर सुटला होता. "जाऊच नकोस," जेवताना तो एकदम म्हणाला. "राहून जा. खालच्या लाँड्रीतली इस्त्रीवाली बाई किती वर्षं अशीच राहतेय. कोण येतंय बघायला?"

"दादा, तोंड आवर," नणंद म्हणाली. "उद्या वहिनीला पकडलं तर? अर्ज तर जाईलच, पुन्हा व्हिसासुद्धा मिळायचा नाही. पोरीला जन्मभर फोनवर आई दाखवणार आहेस का?"

"मग आत्ता काय वेगळं चाललंय?" तो ओरडला आणि ताट तसंच टाकून उठला.

तिच्यात रागावण्याचंसुद्धा त्राण नव्हतं. जायचं तर होतंच. पण आपल्याला टाकून आई स्वतःच्या मर्जीनं गेली, असं मनात धरून ही पोर वाढणार, हे काही केल्या घशाखाली उतरेना.

जायच्या आदल्या दिवशी शाळेत न सोडता तिनं भिंगरीला थेट त्या कार्यालयात नेलं. कुणालाच सांगितलं नव्हतं. दारावरच्या पहारेकऱ्यानं वेळ घेतलीय का विचारलं. नव्हती घेतलेली. मग आत सोडता येणार नाही. ती पायऱ्यांवर उभी राहिली. माणसं आत-बाहेर करत होती, थंड वारा सुटला होता. भिंगरीनं दोनदा विचारलं, "आपण इथं का थांबलोय?" तिनं पोरीला आपल्या शालीत घेतलं. पोर आली शालीत, पण आईला टेकली नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती अधिकारी बाई बाहेर आली. भिंगरीची आई पुढे झाली तसा पहारेकरीही पुढे झाला. बाईनं त्याला हातानं थांबवलं.

"तुमचा निर्णय झालाय," बाई म्हणाली. "मी आता काही करू शकत नाही."

"मुदतवाढ मागायला नाही आले. उद्या मी चाललेय." तिचे शब्द एकमेकांत अडकत होते. "मी तुमच्याशी खोटं बोलले. मला इथंच राहायचंय. पहिल्या दिवसापासून राहायचंय. मी जाते ती तुम्ही जा म्हणालात म्हणून. एवढंच माझ्या मुलीला सांगा. माझ्यावर तिचा विश्वास उरला नाही. तुमच्यावर बसेल."

बाई तिच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही काय बोलताय कळतंय का तुम्हाला? हे मला नोंदवावं लागेल. तुमच्या अर्जावर याचा परिणाम होऊ शकतो."

"नोंदवा. पण आधी तिला सांगा."

बाईनं इकडेतिकडे बघितलं, रुमालानं नाक पुसलं आणि मग त्या थंड पायरीवर भिंगरीसमोर उकिडवी बसली.

"तुझ्या आईला इथंच राहायचंय," ती म्हणाली. "तिला जायला मी सांगितलंय."

"का?"

"तिची परवानगी अजून आली नाही म्हणून."

"कधी येणार?"

"ते मला नाही माहीत."

"मग कुणाला माहीत आहे?"

बाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जेवायला न जाताच मागे फिरून आत गेली. दार बंद झाल्यावरही भिंगरी त्या दाराकडे बघत होती.

"मग तू खोटं कशाला बोललीस?" तिनं विचारलं.

"थोडे दिवस जास्त मिळतील म्हणून."

"मिळाले?"

"नाही."

भिंगरी हळूच पुन्हा शालीत शिरून आईच्या कुशीला घट्ट चिकटली. त्या पायरीवर दोघी कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. शेवटी पहारेकऱ्यानं येऊन उठवलं.

घरी तिनं झालं ते सांगितलं. नवरा डोकं धरून खुर्चीत बसला. "सगळ्यावर पाणी फिरवलंस," तो एवढंच म्हणाला. नणंद उठून तिच्याजवळ आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर भिंगरी रडली. अशी तशी नाही. जमिनीवर लोळण घेतली, आईच्या बॅगेच्या चाकांना विळखा घातला, बापाच्या हाताला चावली. "नको जाऊस, आई, नको जाऊस!" येणारेजाणारे थांबून बघत होते. बाबा आणि आत्यानं मिळून तिची बोटं एकेक करून सोडवली. आई आत गेली तरी तो आवाज येत होता. आवाज बंद झाला, तेव्हा तिनं भिंतीला हात टेकला. अंगातून कुणीतरी काहीतरी ओरबाडून नेलं होतं. तरी पोर रडली, याचं कुठंतरी बरं वाटत होतं, आणि असं बरं वाटल्याची शरमही वाटत होती.

त्या बाईनं नोंदवलं की नाही, कुणालाच माहीत नाही. वकिलाला विचारलं, तर तो खांदे उडवतो. ती रोज कामावर निघण्याआधी फोनवर अर्ज उघडते, ती ओळ वाचते आणि बंद करते. एकदा पान उघडायला नेहमीपेक्षा वेळ लागला, तर ती दारातच थांबली. काही नव्हतं, नेट गेलं होतं.

रविवारी भिंगरीचा फोन येतो. आता ती कशी आहेस, जेवलीस का, असं काही विचारत नाही. फोन लागल्या लागल्या रागानं म्हणते, "आली का तुझी परवानगी?"

"नाही आली गं."

"मग मला नाही बोलायचं," म्हणते आणि फोन आत्याच्या हातात कोंबते. पण खोलीतून जात नाही. नणंद बोलत असते, तेव्हा मागे भिंगरीचे पाय आपटल्याचा आवाज येत असतो. आई त्या आवाजाकडे कान लावून बसते, फोन बंद होईपर्यंत.