सासूच्या फोटोपुढची वाटी

क्रांतीला स्पेनमध्ये पहिल्यांदा दिवस गेले, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिची आई धोंडुबाई मंगळवार पेठेतल्या स्पॅनिशच्या वर्गात सासूचा फोटो टेबलावर मांडत होत्या. लेकीच्या बाळंतपणाला जायचं, तर तिकडच्या व्याह्यांशी चार शब्द बोलता यावेत म्हणून त्यांनी वर्गात नाव घातलं होतं.

मेक्सिकोत या दिवसांत गेलेल्या माणसांच्या फोटोपुढं त्यांच्या आवडीचं जेवण ठेवतात, असं सुष्मिता मॅडमनी शिकवलं होतं. प्रत्येकानं घरच्या एका माणसाचा फोटो आणि एक पदार्थ आणायचा, स्पॅनिशमध्ये चार वाक्यं बोलायची.

"आमच्या पितरांचा म्हाळ भादव्यातच झाला की," शिरोलीला कारखाना असलेले हंबीरराव म्हणाले. "आता ह्यांचाबी जेवायचा व्हय?"

सगळे हसले. धोंडुबाईंना हसू आलं नाही. घरातलं शेवटचं गेलेलं माणूस सासू नव्हती. नवरा गणपतराव जाऊन दोन महिने होत आले होते, आणि पोटुशी लेकीला ते कळू द्यायचं नाही असं घरात ठरलं होतं. आबांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय, असं त्या फोनवर सांगत. भावकीतल्या बायका नावं ठेवत, तरी त्यांनी कपाळावरचं कुंकू काढलं नव्हतं.

त्यांची पाळी आली तेव्हा मॅडमनी भिंतीवरचा पडदा सुरू केला. पडद्यावर क्रांती होती. तीही याच वर्गात शिकलेली. आईला गंमत म्हणून मॅडमनी तिला स्पेनहून व्हिडिओ कॉलवर बोलावलं होतं.

धोंडुबाईंनी कुंकू बोटानं चाचपलं. वाटीवरचं झाकण काढलं आणि घोकून आणलेली तीन वाक्यं एका दमात म्हटली. ही माझी सासू. तिचं नाव बयाबाई. तिला हे फार आवडायचं.

क्रांती वाटीकडं बघत राहिली. वाटीत सुकं मटण होतं.

"आई, आज्जी माळकरी होती."

पहाटे उठून धोंडुबाई नेहमीसारखं नवऱ्याच्या आवडीचं रांधत गेल्या होत्या. सासूनं जन्मात मटणाला हात लावला नव्हता.

"फोटो बदल की," क्रांती हळू म्हणाली. "मला म्हायती हाय. तुला घोर लागंल म्हणून बोलले न्हाई."

धोंडुबाईंनी सासूचा फोटो पिशवीत ठेवला. चौथं वाक्य राहिलं होतं. ते त्यांनी मराठीतच सांगितलं.

"तुझं आबा गौरी गेल्या त्या दिवशी, दुपारी तीनला गेलं."