कानातल्या ताई

"तू निळा ठोकळा पिवळ्यावर ठेवलास," आम्रपाली म्हणाली. वाक्य तिचं नव्हतं. क्षणभर आधी ते तिच्या उजव्या कानात हळू आवाजात उमटलं होतं आणि तिने ते जसंच्या तसं पुढे दिलं होतं.

सुमेधने मान वर केली नाही. त्याने आणखी एक ठोकळा चढवला.

"छान. आता काही विचारू नका. नुसतं बघा," कानातल्या पूर्वा मॅडम म्हणाल्या. त्या नागपुरात बसून समुपदेशन करायच्या. त्यांच्यामागे कूलरची घरघर ऐकू यायची. इकडे पुण्यात, बिबवेवाडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत फोन फ्रिजवर डब्याला टेकवून ठेवलेला असायचा आणि त्यातून त्यांना ही मायलेकरं दिसायची. सुमेध त्यांना कानातल्या ताई म्हणायचा.

रीत सोपी होती. खेळाच्या वेळात आईने प्रश्न विचारायचे नाहीत, हुकूम सोडायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत. मूल जे करतं ते फक्त बोलून दाखवायचं. आम्रपाली औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होती. ठरवून दिलेली कृती पायरीपायरीने करणं तिला चांगलं जमायचं. जमत नव्हतं ते कृती संपल्यानंतरचं.

पाळणाघराने सुमेधला एप्रिलमध्येच परत पाठवलं होतं. त्याने दुसऱ्या मुलाच्या मनगटाला चावा घेतला होता. आम्ही मुलं सांभाळतो, जखमा नाही, असं पाळणाघरवाल्या नंदाताई दारातच म्हणाल्या होत्या; आणि वर, शाळा सुरू होईपर्यंत घरीच ठेवा, तुमचं तर सुशिक्षितांचं घर आहे, असंही. तेव्हापासून आम्रपाली बिनपगारी रजेवर होती. सकाळी नवरा, अनिरुद्ध, शहराच्या दुसऱ्या टोकाला मांजरीला कामावर गेला की दार लागायचं. सुमेध जिना गाठतो म्हणून वरची कडीही लागायची. गॅलरीला जाळी होती. कडी लावून झाल्यावर आम्रपाली कधी कधी हात तिच्यावरच ठेवून बराच वेळ उभी राहायची.

समुपदेशनाची सोय तिच्या कंपनीनेच केली होती. सत्रं मोजकी होती आणि आजचं शेवटचं होतं.

खेळ संपला, सुमेध गॅलरीत गेला. आम्रपालीने फोन हातात घेतला. पूर्वा मॅडमनी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप कशी आहे, मिस्टरांची मदत होते का. मग त्याच आवाजात, त्याच वेगाने:

"या आठवड्यात हात उचलला गेला का?"

आम्रपालीने गॅलरीकडे पाहिलं. मंगळवारी, बाथरूममध्ये. त्याच्या दंडावर तिची बोटं उमटली होती, म्हणून एवढ्या उकाड्यात तिने त्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. अनिरुद्धने संध्याकाळी त्या शर्टाकडे पाहिलं होतं आणि काही विचारलं नव्हतं.

इथे बोललेलं कंपनीला कळत नाही, असं पहिल्याच दिवशी लेखी आलं होतं. ते तिने पुन्हा पुन्हा वाचलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"बघा, जमतंय तुम्हाला. आता माझी गरज नाही राहिली."

तिने आभार मानले. काहीतरी आणखी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हसून निरोप घेतला आणि स्क्रीनवर तिचा स्वतःचाच चेहरा राहिला.

इअरबड डबीत घालून तिने डबी टेबलावर ठेवली, फोन कोपऱ्यात चार्जिंगला लावला आणि कुकर चढवला. मग सुमेधला ठोकळे उचलायला सांगितलं. त्याने ऐकलं नाही. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना आवाज तिचा स्वतःचा झाला होता.

ठोकळा येऊन डोळ्याखाली लागला. लाकडी होता, टोकदार कोपऱ्याचा. क्षणभर तिला काही दिसेना, आणि दिसायला लागलं तेव्हा ती सुमेधच्या अंगावर गेलेली होती आणि तिचा हात वर होता.

सुमेध रडला नाही. तिच्या हाताखालून निसटून तो टेबलापाशी गेला. टाचा उंचावून त्याने डबी ओढली, उघडली आणि इअरबड घेऊन परत आला.

"घाल."

ती हलली नाही.

"आई, घाल ना."

ती खाली बसली. त्याने स्वतःच तो तिच्या कानात बसवला. डाव्या कानात, उलटा. मग तो मागे सरकला, थांबला, तिच्या हाताकडे बघून आणखी थोडा सरकला. आम्रपालीच्या लक्षात आलं, की तिचा हात जिथवर पोहोचतो त्याच्या बरोब्बर पलीकडे तो उभा आहे. ते अंतर त्याला पाठ होतं.

"बोलल्या का ताई?"

कानात तिच्याच नाडीचे ठोके होते. दुसरं काही नव्हतं.

"हो."

"काय म्हणाल्या?"

तिने ओठांवरून जीभ फिरवली. "तू ठोकळा फेकलास," ती म्हणाली. "मला लागलं." थोड्या वेळाने म्हणाली, "आता ठोकळे पेटीत जाणार आहेत."

त्याने एकेक ठोकळा उचलला. दर ठोकळ्यामागे तो तिच्या कानाकडे बघून घेत होता. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. गॅस बंद करायला ती उठली तेव्हा त्याने विचारलं, काढणार नाहीस ना? ती नाही म्हणाली.

बेल वाजली. तिने कडी काढली. अनिरुद्ध नेहमीसारखा बोलतच आत शिरला. खाली कुणीतरी पुन्हा गाडी आडवी लावली होती आणि माणसांना पार्किंग म्हणजे आपल्या बापाचं अंगण वाटतं, असं तो जिन्यापासून सांगत आला होता. सुमेधने ओठांवर बोट ठेवलं.

"बाबा, हळू. आईचं सेशन चालू आहे."

अनिरुद्ध थांबला. त्याने तिच्या कानाकडे पाहिलं, डोळ्याखालच्या सुजेकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या फोनकडे. स्क्रीन काळी होती. तो तिकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.

"अजून किती चालेल?" त्याने कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही."

त्याने मान हलवली. हेल्मेट आवाज न करता खाली ठेवलं, हात धुतले आणि ताटं घ्यायला स्वतःच आत गेला.

तिघं जेवायला बसली. आमटीत मीठ कमी होतं. अनिरुद्धने उठून मिठाची बरणी आणली आणि मध्ये ठेवली. सुमेधने आज काय काय बांधलं ते सांगितलं, हळू आवाजात. अनिरुद्ध त्याच आवाजात हं हं करत होता.

आम्रपालीचा कान दुखायला लागला होता. तिने इअरबड जरा सैल करायला बोट नेलं, तेव्हा दोघांचेही घास हातातच थांबले.

तिने हात खाली घेतला आणि भात कालवला.